धंदा सुरू करण्याआधी स्पर्धकांकडून काय शिकायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ असं आपण सहज म्हणतो. पण पुढच्याला ठेच नेमकी कुठे लागली हे मागच्यानं पाहिलं असेल, तरच तो शहाणा होतो. नवा धंदा काढणाऱ्या बहुतेकांचं लक्ष पुढच्याच्या पायातल्या बुटांवर असतं: त्याची पाटी, त्याची सजावट, त्याचे दर. वाट कुठे खचली आहे हे पाहायचं राहून जातं. छोटा धंदा सुरू करू पाहणारी माणसं मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

माझी कल्पना माझी आहे. दुसऱ्यांचं बघत बसलो तर ती गढूळ होणार नाही का?

कल्पना तुमचीच राहते. पण धंदा म्हणजे ती कल्पना आणि तिच्याभोवती रोज घ्यावे लागणारे शंभर बारीक निर्णय. किती वाजता उघडायचं, आगाऊ रक्कम घ्यायची की नाही, परत आलेल्या मालाचं काय करायचं, मदतनीस एक ठेवायचा की दोन. यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर जुन्या धंदेवाल्यानं स्वतःचे पैसे घालवून मिळवलेलं असतं, आणि बरंचसं उत्तर त्याच्या दुकानात उघड्यावर मांडलेलं असतं.

वॉलमार्ट या अमेरिकेतल्या दुकानांच्या साखळीचे संस्थापक सॅम वॉल्टन यांचं उदाहरण मला यासाठी नेहमी आठवतं. 1945 मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, न्यूपोर्ट या गावी, एका साखळीच्या नावाखाली छोटं दुकान घेतलं. धंदा छान चालला. पण भाडेकरारात मुदतवाढीचं कलमच नव्हतं. पाच वर्षांनी जागामालकानं करार वाढवायला नकार दिला आणि दुकान हातचं गेलं. ही त्यांची स्वतःची ठेच. त्यानंतर बेंटनव्हिल इथे नवं दुकान मांडताना त्यांच्या वाचनात आलं की मिनेसोटा राज्यातली दोन दुकानं स्वयंसेवा पद्धतीनं चालतात, म्हणजे गिऱ्हाईक स्वतः फिरून माल उचलतं आणि पैसे दाराशी देतं. वॉल्टन रात्रभराचा बसप्रवास करून ती पाहायला गेले, त्यांना ती पटली आणि नव्या दुकानात त्यांनी तीच पद्धत ठेवली. पहिलं वॉलमार्ट 1962 मध्ये उघडलं, त्याच्या बारा वर्षं आधीची ही गोष्ट. त्यांच्या कल्पनेला यानं काही धक्का लागला नाही. भाडेकराराचा धडा मात्र त्यांना फार महाग पडला, आणि तो दुसऱ्या कुणाकडून आधीच शिकता आला असता.

स्पर्धक नक्की कोणाला म्हणायचं?

तुमच्यासारखीच पाटी लावलेला, हे अर्धंच उत्तर झालं. तुम्ही शिवणकामाचा धंदा काढणार असाल तर दुसरे शिंपी तुमचे स्पर्धक आहेतच, पण तयार कपड्यांचं दुकान आहे, घरी मशीन असलेली शेजारीण आहे, आणि ‘राहू दे, हाच घालू अजून वर्षभर’ असं म्हणणारं गिऱ्हाईकाचं मनही आहे. काहीच न करणं हा पर्याय फुकट असतो, म्हणून त्याच्याशी स्पर्धा सगळ्यांत अवघड.

तुमचं गिऱ्हाईक होऊ शकतील अशा लोकांना विचारा: ‘गेल्या वेळी ही गरज पडली तेव्हा तुम्ही काय केलंत?’ जी उत्तरं येतील ते तुमचे खरे स्पर्धक. ‘मी दुकान काढलं तर याल का?’ हे विचारू नका. लोक चांगले असतात, मन मोडायला नको म्हणून ‘हो, येऊ की’ म्हणतात. त्या होकारावर कर्ज काढलेली माणसं मी पाहिली आहेत.

आमच्या भागात हा धंदा करणारं कोणीच नाही. ही संधीच ना?

असेलही. पण आधी एक शोध घ्या: इथे पूर्वी कुणी हे करून पाहिलं होतं का? आसपासच्या जुन्या दुकानदारांना, जागेच्या दलालांना, माल पोचवणाऱ्यांना विचारलं की कळतं. कुणीतरी केलं आणि बंद केलं असेल, तर त्या माणसाला शोधून भेटणं हे तुमचं पहिलं काम.

उलट बाजूही सांगतो. एकाच रस्त्यावर एकाच प्रकारची पाच दुकानं दिसली की नवखा माणूस घाबरतो. हॅरॉल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञानं 1929 मध्ये दाखवून दिलं की एकाच रस्त्यावर तोच माल विकणारे दोन विक्रेते एकमेकांपासून लांब जाण्याऐवजी मध्याकडे सरकत एकमेकांना खेटून बसतात, कारण जो लांब राहील त्याचं मधलं गिऱ्हाईक दुसरा घेऊन जातो. शिवाय ज्या वस्तू लोक चार ठिकाणी बघून घेतात, त्यांच्या बाबतीत गर्दीच गिऱ्हाईक खेचून आणते. तेव्हा पाच दुकानं दिसली तर एवढं नक्की कळतं की इथे मागणी आहे. सहाव्याला जागा आहे का, हे मोजूनच कळेल. ते कसं मोजायचं, ते पुढे आहे.

स्पर्धकाच्या दुकानात जाऊन पाहायचं म्हणजे नेमकं काय पाहायचं?

प्रथम काहीतरी विकत घ्या, स्वतःच्या पैशानं, खऱ्या गरजेचं. पैसे देताना आपल्या मनात काय येतं ते बाहेर उभं राहून कधीच कळत नाही. आपण किती वेळ थांबलो, कोणी नजर उचलून पाहिलं का, बिल देताना घासाघीस झाली का, वस्तू हातात देताना काय सांगितलं, हे सगळं तेव्हाच कळतं.

मग कान उघडे ठेवा. तुमच्यापुढे उभं असलेलं गिऱ्हाईक काय मागतं आणि त्याला ‘नाही, ते आम्ही ठेवत नाही’ असं कशासाठी ऐकावं लागतं? माझ्या मते त्या दुकानात ऐकू येणारं सगळ्यांत मोलाचं वाक्य हेच आहे. अर्ध्या तासात ते एकाच गोष्टीसाठी दोनदा ऐकू आलं तर घरी जाऊन लगेच लिहून ठेवा.

भिंतीवरच्या सूचना वाचा. ‘उधारी बंद’, ‘पावती असल्याशिवाय माल बदलून मिळणार नाही’, ‘आठ दिवसांत वस्तू न नेल्यास आम्ही जबाबदार नाही’. यातली एकही सूचना पहिल्या दिवशी लागलेली नसते. प्रत्येकीमागे एखादं भांडण आणि थोडंफार नुकसान असतं. तीन दुकानांत एकच सूचना दिसली तर तो त्या धंद्यातला कायमचा त्रास आहे, आणि तुमच्या वाट्यालाही तो येणार. त्याच्यावर तोडगा आत्ताच शोधायला घ्या.

कोणत्या मालावर धूळ आहे तेही बघा. हाताशी काय ठेवलंय, मागे काय ढकललंय, सुट्टे भाग किती ठेवलेत, कोणत्या कपाटाकडे मदतनीस वारंवार जातो. सायकल दुरुस्तीच्या दुकानात ट्यूब आणि ब्रेकचे रबर जिथे हात पुरतो तिथे असतात आणि दिमाखदार सामान काचेत असतं. रोजचा गल्ला पहिल्यावर चालतो. नवखा मात्र भांडवल काचेतल्या मालात अडकवून बसतो.

आणि हे एकदा करून भागत नाही. कामाच्या दिवशी सकाळी, कामाच्या दिवशी संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी, अशा निदान तीन वेळा जा. जमलं तर महिन्याच्या सुरुवातीला आणि शेवटीही. एकच दुकान वेगवेगळ्या वेळी वेगळंच दिसतं.

त्यांचा धंदा किती होतो हे बाहेरून कसं कळणार?

नेमका आकडा कळणार नाही, पण अंदाज बांधता येतो. समोर कुठेतरी बसा आणि मोजा. समजा, दुकान दहा तास उघडं असतं. गर्दीच्या दोन तासांत ताशी 12 माणसं आत गेली, बाकीच्या आठ तासांत ताशी 3. म्हणजे दिवसाला 48. त्यातली साधारण 60 टक्के हातात पिशवी घेऊन बाहेर पडली, तर खरी गिऱ्हाईकं झाली 29.

आता खर्चाची बाजू. भाडं, पगार, वीज, कर्जाचा हप्ता मिळून महिन्याला 60,000 लागतात आणि प्रत्येक गिऱ्हाईकामागे मालाची किंमत वजा जाता हातात 80 उरतात असं धरा; चलन कोणतंही असो. 60,000 भागिले 80, म्हणजे 750 गिऱ्हाईकं. महिन्यात 25 दिवस दुकान उघडं असेल तर रोज 30 हवीत. येतायत 29. म्हणजे संध्याकाळच्या ज्या गर्दीकडे बघून तुम्हाला हा धंदा काढावासा वाटला, त्या गर्दीनंतरही मालकाची जेमतेम तोंडमिळवणी होते आहे, आणि त्याचा स्वतःचा पगार अजून निघालेलाच नाही.

आकडे तुमच्या धंद्याचे घाला. भाड्याचा दर जागेच्या दलालाकडून कळतो, मालाचा भाव घाऊक व्यापाऱ्याकडून. काही देशांत नोंदणीकृत कंपन्यांचे हिशेब कुणालाही पाहता येतात. ब्रिटनमध्ये कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीज हाउस या सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर ते मोफत मिळतात. तुमच्याकडे अशी सोय असेल तर जरूर वापरा. पण दाराशी बसून मोजण्याला पर्याय नाही. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच फार थोडे लोक करतात.

इंटरनेटवरून काय काय कळतं?

गिऱ्हाईकांचे अभिप्राय वाचा, पण पाच तारे आणि एक तारा देणाऱ्यांपासून सुरुवात करू नका. पहिल्यांत ओळखीपाळखीचे लोक मिसळलेले असतात, दुसऱ्यांत राग. तीन तारे देणारा माणूस सहसा नीट सांगतो की काय आवडलं आणि काय खटकलं. अभिप्रायाची तारीखही बघा. दोन वर्षांपूर्वी सगळे खूश होते आणि गेल्या सहा महिन्यांत तक्रारी वाढल्या असतील, तर तिथे काहीतरी बदललं आहे: मालक, कारागीर किंवा माल. तक्रारीला मालकानं उत्तर दिलं असेल तर तेही वाचा. त्याची बाजू तिथे कळते आणि ती अनेकदा रास्त असते.

इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेचं वेबॅक मशीन 2001 पासून सर्वांसाठी खुलं आहे. त्यात संकेतस्थळांची जुनी रूपं साठवलेली असतात. स्पर्धकाचा पत्ता त्यात टाकला तर बऱ्याचदा त्याचं पाच वर्षांपूर्वीचं दरपत्रक दिसतं, तेव्हा असलेल्या आणि आता काढून टाकलेल्या सेवा दिसतात. काढून टाकलेल्या गोष्टींकडे जास्त लक्ष द्या. त्या करून पाहिल्या आणि परवडल्या नाहीत, असा त्याचा अर्थ बहुतेक वेळा असतो. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर सध्या चालू असलेल्या जाहिराती त्यांची मालक कंपनी मेटा हिच्या जाहिरात लायब्ररीत कुणालाही शोधता येतात, कधीपासून चालू आहेत तेही दिसतं. चार महिने तीच जाहिरात चालू असेल तर ती पैसे वसूल करत असण्याची शक्यता मोठी. नोकरीच्या जाहिरातीही वाचा. दर दोन महिन्यांनी त्याच जागेसाठी माणूस हवा असेल, तर तिथे माणसं टिकत नाहीत.

स्पर्धकाची उणीव सापडली. तीच माझी खासियत करू का?

थांबा. या प्रश्नावर सगळ्यांत जास्त वेळ घालवा असं मी म्हणेन.

उणीव सापडली की आनंद होतो: ‘यांना एवढं साधं कसं सुचलं नाही!’ पण दहा वर्षं धंदा करणाऱ्याला रोज ऐकू येणारी तक्रार माहीत नसेल, ही शक्यता कमी. माहीत असूनही त्यानं ती तशीच ठेवली असेल तर का ठेवली? कपडे धुऊन देणाऱ्या दुकानाचं घ्या. सगळे म्हणतात, त्याच दिवशी कपडे मिळत नाहीत. तुम्ही ठरवता, मी देणार. मग कळतं की त्याच दिवशी द्यायचे तर अर्धंच भरलेलं यंत्र चालवावं लागतं, पाणी आणि वीज तेवढीच लागते, संध्याकाळी एक माणूस जास्त ठेवावा लागतो, आणि त्यासाठी दीडपट दर द्यायला तयार असलेले लोक आठवड्यात चारच निघतात. जुन्या दुकानदारानं हा हिशेब कधीच केलेला होता.

म्हणून प्रत्येक उणिवेपुढे एक प्रश्न लिहा: ही अशी का राहिली? कधी उत्तर येतं की परवडत नाही. कधी येतं की मालक थकला आहे, मुलांना धंद्यात रस नाही, किंवा त्याची जुनी यंत्रणा बदलायला फार खर्च येतो, जो तुम्हाला नव्यानं सुरू करताना येणार नाही. या दुसऱ्या जातीच्या उणिवांत तुमच्यासाठी जागा आहे. पहिल्या जातीच्या उणिवा ‘खासियत’ म्हणून पाटीवर रंगवल्या तर त्या तुम्हालाच बुडवतील.

चांगल्या गोष्टींनाही हाच नियम. स्पर्धक रविवारी बंद ठेवतो, आगाऊ पैसे घेतो, एकच पुरवठादार धरून आहे, यातलं काहीही उचलण्याआधी कारण शोधा. कारण तुम्हाला लागू पडत असेल तर उचला. नुसती कृती उचललीत तर ज्या परिस्थितीसाठी ती केली होती ती तुमच्याकडे नसेल.

दर त्यांच्यापेक्षा थोडे कमी ठेवले तर लोक माझ्याकडे येतील ना?

येतील काही. पण हिशेब पाहा. वस्तू 100 ला विकली जाते, तुम्हाला 70 ला पडते, 30 उरतात. दर दहा टक्के उतरवलात, 90 केलात, की उरतात 20. आधी जेवढा नफा झाला असता तेवढाच मिळवायला आता दीडपट माल विकावा लागेल. दीडपट विकायला जागा, माणसं, वेळ आहे का?

शिवाय समोरच्याचा दर त्याच्या खर्चातून आलेला असतो. त्याची जागा वडिलांच्या वेळेपासून स्वतःची असेल, यंत्राचं कर्ज फिटलेलं असेल, बायको गल्ल्यावर बसत असेल आणि तिचा पगार कुठल्याच वहीत नसेल. त्या दरात तो सुखानं जगतो, तुम्ही त्याच दरात भाडं भरून सहा महिन्यांत संपाल. त्याचा दर एवढंच सांगतो की गिऱ्हाईकाला किती द्यायची सवय आहे. तुमचा दर तुमच्या खर्चावरून काढा, मग दोन्ही शेजारी ठेवा. तुमचा जास्त येत असेल तर जास्त पैसे देण्यासारखं तुमच्याकडे काय आहे, ते एका वाक्यात गिऱ्हाईकाला सांगता आलं पाहिजे. ते वाक्य सुचत नसेल तर धंदा अजून तयार नाही.

थेट स्पर्धकालाच जाऊन विचारलं तर?

जरूर विचारा, पण योग्य माणसाला. जो तुमच्यापासून इतका दूर आहे की त्याचं एकही गिऱ्हाईक तुमच्याकडे येणार नाही, त्याला भेटा. साउथवेस्ट ही अमेरिकेतली विमान कंपनी 1971 मध्ये टेक्सास राज्यात सुरू झाली, तेव्हा तिच्यासमोर कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक साउथवेस्ट एअरलाइन्सचा नमुना होता. ती कंपनी 1949 पासून राज्यातल्या राज्यात स्वस्त विमानं चालवत होती. साउथवेस्टच्या लोकांनी तिथे जाऊन काम पाहिलं आणि त्या कंपनीनंही त्यांना मनमोकळी मदत केली, कामकाजाच्या नियमपुस्तिका दिल्या. दोघांचे मार्ग वेगळे होते, म्हणून शिकवणाऱ्याला भीती नव्हती.

जाताना सरळ सांगा: ‘मी अमुक ठिकाणी हा धंदा काढतोय, तुमच्या गिऱ्हाईकांशी माझा संबंध येणार नाही, अर्धा तास द्याल का?’ गर्दीची वेळ टाळा. आणि नफा किती होतो असं विचारू नका, ते उद्धट वाटतं आणि उत्तरही खरं मिळत नाही. विचारा, ‘आज पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं असतं तर तुम्ही कशावर पैसे खर्च केले नसते?’ या प्रश्नावर माणसं खुलून बोलतात. आपला अनुभव कुणाच्या तरी कामी येतोय याचा त्यांना खरा आनंद असतो.

जवळच्या स्पर्धकाशीही ओळख ठेवावी, नमस्कार-चमत्कार असावा. फक्त एक मर्यादा: दर दोघांनी मिळून ठरवायचे किंवा गिऱ्हाईकं वाटून घ्यायची असलं काही बोलणं झालं तर तिथून उठा. बहुतेक देशांच्या स्पर्धा कायद्यांत तो गुन्हा किंवा मोठ्या दंडाचा विषय आहे, धंदा कितीही छोटा असला तरी.

गिऱ्हाईक असल्याचं भासवून माहिती काढणं चुकीचं आहे का?

दुकानात जाऊन वस्तू घेणं, दर विचारणं यात काही गैर नाही. सगळेच करतात. पण खोटं मोठं काम दाखवून एखाद्याला नमुने बनवायला, कोटेशन तयार करायला लावणं ही मी चोरी मानतो. त्याचे तास चोरले जातात.

हे मी सोसलेलं आहे. एका गृहस्थांनी माझ्याकडून तीन दिवस दरपत्रक, नमुने, वेळापत्रक असं सगळं तपशीलवार करून घेतलं. दोन आठवड्यांनी माझ्या दरपत्रकाची रचना, अगदी टिपांच्या क्रमासकट, त्यांच्या नव्या धंद्याच्या कागदावर छापलेली पाहिली. पैशांचं नुकसान फार नव्हतं. पण त्यानंतर कितीतरी महिने मी प्रत्येक नव्या गिऱ्हाईकाकडे संशयानं पाहत होतो, आणि त्या संशयाचा त्रास ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांना झाला. तुम्हाला तपशील हवा असेल तर त्या माणसाच्या वेळेचे पैसे द्या. सल्ल्याचे म्हणून द्या, पण द्या.

कायद्यानं काय उचलता येतं आणि काय नाही?

कल्पना, कामाची सर्वसाधारण पद्धत, दुकान उघडण्याच्या वेळा, सेवांची मांडणी हे सहसा कुणाच्या मालकीचं नसतं. त्यांनी लिहिलेला मजकूर, काढलेले फोटो, चित्रं यांवर त्यांचा कॉपीराइट असतो. संकेतस्थळावरून उचलून शब्द इकडचे तिकडे केले तरी ती चोरीच. नाव आणि बोधचिन्ह नोंदवलेलं असेल तर त्याच्याशी घोटाळा होईल असं नावही ठेवता येत नाही. पेटंटची मुदत बहुतेक देशांत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं असते आणि पेटंटचे कागद सर्वांना वाचायला खुले असतात. मुदत संपलेलं पेटंट म्हणजे तपशीलवार आकृत्यांसह लिहिलेला फुकटचा धडा. छोट्या यंत्रांच्या, अवजारांच्या धंद्यात तो फार थोडे लोक वाचतात.

त्यांच्या जुन्या कामगाराला मी ठेवलं तर त्याच्याकडून सगळं कळेल.

कामाचं कौशल्य त्याचं स्वतःचं आहे, ते घेऊन तो कुठेही जाऊ शकतो. गिऱ्हाईकांच्या याद्या, पुरवठादारांचे खास भाव ही जुन्या मालकाची मिळकत. ती मागू नका, त्यानं आपणहून दिली तरी घेऊ नका. आज जो त्यांची यादी तुमच्याकडे आणतो तो उद्या तुमची नेईल, हेही लक्षात असू द्या. त्यापेक्षा स्वतःच तीन-चार महिने त्या धंद्यात नोकरी करा, शक्यतो लांबच्या गावी आणि पुढे काय करणार आहात ते मालकाला सांगून.

चालणाऱ्या दुकानांचा अभ्यास झाला. आणखी काही राहिलं का?

निम्मं राहिलं. बंद पडलेली दुकानं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची लढाऊ विमानं गोळ्यांनी चाळण होऊन परत यायची. जिथे भोकं जास्त तिथे पत्रा जाड करावा, असं साहजिकच कुणालाही वाटावं. अब्राहम वॉल्ड या संख्याशास्त्रज्ञानं वेगळा विचार मांडला: ही परत आलेली विमानं आहेत. ज्यांना इंजिनावर मार बसला ती परतलीच नाहीत, म्हणून इथे इंजिनावर भोकं कमी दिसतात. संरक्षण तिथे हवं. धंद्यातही आपण परत आलेली विमानंच मोजतो. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाच्या आकडेवारीत वर्षानुवर्षं हेच दिसतं की नव्यानं सुरू झालेल्या धंद्यांपैकी साधारण पाचवा हिस्सा पहिल्याच वर्षी बंद होतो आणि पाच वर्षांत जवळपास निम्मे उरतात.

बंद झालेल्या माणसाला शोधा. जाताना हातात वही घेऊन जाऊ नका, त्याला ते टोचेल. आधी त्याचं ऐकून घ्या. बऱ्याचदा तो म्हणेल की गिऱ्हाईक नव्हतं. थोडं बसलात की दुसरंच निघतं: गिऱ्हाईक होतं, पण उधारी अडकली; भागीदाराशी बिनसलं; घरातलं आजारपण आलं आणि दुकान बघायला कुणी नव्हतं; पहिल्याच महिन्यात सजावटीवर इतका खर्च झाला की सहाव्या महिन्याच्या मंदीत भाड्याला पैसे उरले नाहीत. ही कारणं चालू दुकानाच्या काउंटरवर तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. घाऊक व्यापाऱ्यांनाही विचारा. कोणाचा माल कधी कमी होत गेला हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं असतं.

शिकायला फक्त आपल्याच धंद्यातले लोक बघायचे का?

नाही. टोयोटाचे ताइइची ओनो 1956 मध्ये अमेरिकेत मोटारीचे कारखाने पाहायला गेले, पण त्यांच्या मनात भरलं ते सुपरमार्केट. गिऱ्हाईक लागेल तेवढंच उचलतं आणि रिकामी झालेली जागाच तेवढी पुन्हा भरली जाते. कारखान्यात सुटे भाग मागवण्याची त्यांची पद्धत याच विचारातून आकाराला आली. झेरॉक्स कंपनीनं गोदामातून माल पटापट काढण्याचं तंत्र शिकण्यासाठी एल. एल. बीन या टपालानं कपडे आणि सहलीचं सामान विकणाऱ्या कंपनीचा अभ्यास केला. आपल्या अडचणीला नाव द्या, मग ती अडचण रोज कोण सोडवतं ते शोधा. वेळ देऊन न येणाऱ्या गिऱ्हाईकांचा त्रास असेल तर दंतवैद्याकडे बघा. तोही तेच सोसतो.

पाहिलेलं लिहून कसं ठेवू?

साधी वही पुरे. पानाच्या एका बाजूला जे डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं ते, दुसऱ्या बाजूला त्यावरून जे वाटलं ते. ‘सव्वापाचला सात माणसं रांगेत’ हे पाहिलेलं. ‘धंदा जोरात आहे’ हे वाटलेलं. या दोन्हींची सरमिसळ झाली की महिन्याभरानं आपणच आपल्या मताला पुरावा समजू लागतो. तारीख आणि वेळ घालायला विसरू नका.

किती दिवस हे करत राहायचं? आता तर घाबरायला होतंय.

सलग तीन भेटींत नवं काही लिहायला मिळालं नाही की थांबा. छोट्या धंद्याला सहसा पाच-सहा आठवडे पुरतात. भीती वाटते हे ठीक आहे. धोके नावानिशी कळल्याचं ते लक्षण आहे. आता त्यातले जे दोन सर्वांत मोठे वाटतात त्यांवर उपाय ठरवा आणि छोट्या प्रमाणात सुरू करून पाहा, आठवड्यातून दोन दिवस किंवा घरातून. काही गोष्टी स्वतःच्या गिऱ्हाईकाशिवाय कळतच नाहीत.

उशीर झाला असंही वाटून घेऊ नका. अल्टाव्हिस्टा हे शोधयंत्र 1995 च्या शेवटी सुरू होऊन लवकरच लोकप्रिय झालं होतं, गूगल कंपनी 1998 ची.

मी सुरू केल्यावर जुना स्पर्धक माझ्याकडे बघायला आला तर?

येणारच. पहिल्याच आठवड्यात येईल, कदाचित मुलाला पाठवेल. त्याला इतर गिऱ्हाईकांसारखंच वागवा, ओळखलंत तर नावानं हाक मारा, बसायला सांगा. तुमचे दर उघड्यावर आहेत, लपवण्यासारखं फार काही नाही. तुम्ही त्याच्याकडून काय शिकलात ते मोकळेपणानं सांगा: ‘तुमच्याकडची पावतीची पद्धत मला फार आवडली, मी तीच ठेवली आहे.’ पुढे कधीतरी त्याच्याकडे काम जास्त होईल किंवा त्याचं यंत्र बंद पडेल, तेव्हा गिऱ्हाईकाला कुठे पाठवायचं हा प्रश्न त्याच्यापुढे असेल. त्या दिवशी त्याला तुमचा फोन नंबर माहीत असलेला बरा.